एजंटसाठी लिहिलेली टेस्टिंगची मार्गदर्शिका चांगली आहे हे ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या टीमने कोडिंग एजंट, म्हणजे स्वतः कोड आणि टेस्ट लिहिणारा एआय, वापरायला घेतला. टेस्ट कशा लिहायच्या हे त्याला कळावं म्हणून तुम्ही १४ पानांची मार्गदर्शिका लिहून रिपोमध्ये (कोडच्या साठ्यात) ठेवली. मग ती दुसऱ्या एका एआयकडून तपासून घेतली, त्याने १०० पैकी ९२ गुण दिले. तरी एजंटच्या टेस्ट बघून टीममधल्या सर्वांत जुन्या टेस्टरचं समाधान होत नाही, आणि ‘दर्जा सुधारला’ हे मॅनेजरना आकड्यात हवं आहे.

आधी त्या जुन्या टेस्टरचं ऐका. ते ९२ गुण निबंधाला मिळालेत. मांडणी नीटनेटकी, मथळे जागच्या जागी, युनिट टेस्टपासून सिक्युरिटीपर्यंत सगळ्याचा उल्लेख; अशा मजकुराला कुठलाही एआय भरभरून गुण देतो, कारण त्याने वाचलेल्या हजारो लेखांसारखाच तो दिसतो. मी १९ वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. गेली दीड-दोन वर्षं एजंटसाठी अशा फाइली लिहितो, आणि लिहितो त्याहून जास्त खोडतो. माझं मत सरळ आहे: मार्गदर्शिका वाचून तिचा दर्जा कळत नाही. ती दिल्यावर एजंटच्या टेस्ट जास्त चुका पकडतात का, एवढंच बघायचं. हे बघायचं कसं त्याकडे येतोच, पण आधी एक स्वस्त काम करून घ्या.

फाइलचा प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा: हे वाक्य नसतं तर एजंट वेगळं काही करणार होता का? ‘टेस्टना अर्थपूर्ण नावं द्या.’ तो देतोच. ‘प्रत्येक टेस्ट स्वतंत्र असावी.’ हे त्याला तोंडपाठ आहे. ‘एज केस (टोकाच्या, क्वचित येणाऱ्या परिस्थिती) विसरू नका.’ हे म्हणजे परीक्षेला निघालेल्या मुलाला ‘नीट लिही हं’ सांगण्यासारखं, ऐकायला बरं आणि उपयोग शून्य. मॉडेलने टेस्टिंगची पुस्तकं आपल्यापेक्षा जास्त वाचलेली आहेत. त्याला माहीत नसतं ते तुमचं घर. तुमच्या टेस्ट डेटाबेसमध्ये कुठली टेबलं आधीपासून भरलेली असतात, पेमेंट गेटवेचं सँडबॉक्स (सरावाची नकली प्रत) कुठली रक्कम दिली की मुद्दाम नकार देतं, कुठला मॉड्यूल दोन वर्षांपूर्वी कुणी घाईत लिहिला आणि अजून तिथेच बग निघतात. पहिल्या दिवशी आलेल्या अनुभवी टेस्टरला चहाच्या वेळी जे सांगाल तेच या फाइलमध्ये हवं. या चाळणीतून १४ पानांची तीन-चार पानं उरली तर वाईट वाटून घेऊ नका. माझी पहिली फाइल ११ पानांची होती, तिची सव्वादोन उरली.

आपल्याकडच्या प्रॉडक्टमध्ये तर अशा घरच्या गोष्टी भरपूर. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं हे एजंटला ठाऊक असतं. पण सर्व्हर यूटीसीवर (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) चालतो आणि १ एप्रिलला पहाटे २ वाजता केलेल्या बिलावर सर्व्हरच्या घड्याळात ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ पडतात, म्हणजे ते बिल गेल्या वर्षात जातं, हे कुणी सांगितल्याशिवाय तो टेस्टमध्ये आणत नाही. ग्राहकाचं नाव देवनागरीत असेल तर ‘श्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, पण पायथनच्या हिशेबाने चार. छापील पावतीवर नाव २० अक्षरांत कापलं की शेवटची वेलांटी तुटते. ‘आंतरराष्ट्रीयीकरणाची काळजी घ्या’ या वाक्याने यातलं काहीही सापडणार नाही. ‘नावाच्या प्रत्येक फील्डसाठी एक तरी टेस्ट जोडाक्षर असलेल्या मराठी नावाने करा’ याने सापडेल.

आता एक किस्सा जरा जवळून सांगतो, कारण या विषयातली माझी सगळी शिकवणी त्यातच झाली.

एका बिलिंगच्या कामात कराची रक्कम पूर्ण रुपयात करायची होती. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये नियम स्वच्छ आहे: ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. शाळेत शिकलो तेच. ग्राहकाच्या रिक्वायरमेंटप्रमाणे सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) दोन्ही वेगवेगळे पूर्ण करायचे होते. कोड पायथनचा, आणि लिहिणाऱ्याने पायथनचं तयार राउंड फंक्शन वापरलेलं. गंमत अशी की बरोबर मध्यावरची संख्या आली की हे फंक्शन तिला जवळच्या सम संख्येकडे नेतं. ११३.५० चे ११४ होतात, ठीक. पण ११२.५० चे होतात ११२. १,२५० रुपयांच्या मालावर ९ टक्के सीजीएसटी म्हणजे ११२ रुपये ५० पैसे, एसजीएसटीही तेवढाच. नियमाने ११३ आणि ११३, एकूण २२६. आमचं सॉफ्टवेअर २२४ सांगत होतं.

एजंटने या फंक्शनसाठी ३१ टेस्ट लिहिल्या होत्या. शून्य रक्कम, ऋण रक्कम, कोटींतली रक्कम, सगळं होतं. कव्हरेज (टेस्टनी कोडचा किती भाग चालवला ते) १०० टक्के, सगळं हिरवंगार, म्हणजे सगळ्या टेस्ट पास. आमच्या मार्गदर्शिकेत ‘सीमारेषेवरच्या किमती तपासा’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं आणि एजंटने ते इमानदारीने पाळलंही होतं. ११२.५० ची टेस्ट होती! त्या टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर म्हणून लिहिलं होतं ११२.

त्याने केलं असं की फंक्शन चालवलं, काय उत्तर येतं ते पाहिलं, आणि तेच ‘अपेक्षित’ म्हणून टेस्टमध्ये चिकटवलं. पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच. सूचना पाळली गेली आणि त्याच सूचनेमुळे बगवर शिक्कामोर्तब झालं, कारण उद्या कुणी तो बग दुरुस्त केला असता तर हीच टेस्ट लाल होऊन ओरडली असती. ग्राहकाच्या अकाउंटंटने दोन रुपयांचा फरक पकडला तेव्हा आम्हाला कळलं. दोन रुपये छोटे. पण ज्या टेस्टवर विसंबून रिलीज केली त्या टेस्टचीच लाज वाटण्याचा तो प्रसंग होता.

त्यानंतर आमच्या फाइलमध्ये जी सूचना आली ती अशी: ‘अपेक्षित आकडा कोड चालवून काढायचा नाही. तो रिक्वायरमेंटमधून किंवा कायद्यातून हाताने काढायचा आणि टेस्टशेजारी कलमाचा किंवा रिक्वायरमेंटचा नंबर लिहायचा. आधार सापडला नाही तर टेस्ट लिहू नको, प्रश्न विचार.’ त्यामुळे कुठलीही मार्गदर्शिका हातात आली की मी पहिली हीच गोष्ट शोधतो: बरोबर उत्तर कुठून आणायचं, हे तिने सांगितलंय का? टेस्टिंगच्या भाषेत याला ओरॅकल म्हणतात. दहापैकी नऊ फाइली काय तपासायचं यावर पानंच्या पानं लिहितात आणि बरोबर कशाला म्हणायचं यावर अवाक्षर काढत नाहीत.

आता मोजमाप.

पद्धत जुनीच आहे. कोडमध्ये मुद्दाम छोट्या चुका पेरायच्या आणि टेस्ट त्या पकडतात का बघायचं, ही कल्पना रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ मध्ये विद्यार्थिदशेत मांडली. १९७८ मध्ये डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांच्या लेखातून ती पक्की झाली. म्युटेशन टेस्टिंग ते हेच. जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर, पायथनसाठी म्यूटमट अशी तयार साधनं आहेत. ती ‘पेक्षा मोठं’ चं ‘पेक्षा मोठं किंवा समान’ करतात, अधिकचं वजा करतात, आणि तरीही टेस्ट हिरवी राहिली तर तुम्हाला दाखवतात.

पण नुसत्या या साधनांवर भागवू नका. वरचा बग त्यांनी पकडलाच नसता, कारण तिथे मूळ कोडच चुकलेला होता. त्यात आणखी चूक पेरून टेस्ट लाल होते का एवढंच साधन सांगतं. म्हणून मी पेरणीचं बियाणं घरचं वापरतो. गेल्या दोन वर्षांतले दहा-बारा खरे बग निवडा, ग्राहकापर्यंत पोचलेले असतील तर उत्तम. प्रत्येकाची दुरुस्ती उलटवून बग असलेला कोड परत उभा करा. मग एजंटला रिक्वायरमेंट आणि तो बगवाला कोड देऊन सांगा, याच्या टेस्ट लिही. नंतर त्याच टेस्ट दुरुस्त कोडवर चालवा. बगवाल्या कोडवर लाल आणि दुरुस्त कोडवर हिरवी, तरच ती चूक पकडली असं धरायचं. दोन्हीकडे लाल म्हणजे टेस्टच चुकीची, आणि दोन्हीकडे हिरवी म्हणजे ती असून नसल्यासारखी.

हे तीन परिस्थितींत करा: मार्गदर्शिका न देता, तुमची मार्गदर्शिका देऊन, आणि फक्त एक वाक्य देऊन. ‘अपेक्षित उत्तरं रिक्वायरमेंटमधून काढ, कोडमधून नको’ एवढंच वाक्य. हा तिसरा प्रकार बरेच जण गाळतात, आणि खरी फजिती नेमकी तिथेच होते. १४ पानं आणि एक वाक्य यांचा निकाल सारखाच आला तर १४ पानं कशासाठी, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

एकदाच चालवून निष्कर्ष काढू नका. तोच एजंट, तीच फाइल, तरी आज आठ चुका पकडतो आणि उद्या पाच. प्रत्येक परिस्थितीत प्रत्येक बग निदान पाच वेळा चालवा. १२ बग असतील तर ६० संधी होतात. त्यात ३० आणि ३३ यांतल्या फरकाला फरक म्हणू नका.

आणि एक खबरदारी, जी मी ठेच लागल्यावर शिकलो. रिपोची जुनी कॉपी देताना गिटमधला, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीतला, पुढचा इतिहास काढून टाका. एजंट हुशार असतो. गिट लॉग चाळतो, ‘राउंडिंगची चूक दुरुस्त’ असा कमिट (नोंदवलेला बदल) त्याला दिसतो आणि नेमकी तीच टेस्ट तो लिहितो. आपण खूश! एसडब्ल्यूई-बेंचसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचणीतही एजंट पुढचे कमिट पाहू शकतात हे २०२५ मध्ये उघड झालं होतं, तेव्हा आपण कोण.

याच प्रयोगात जोडीला आणखी एक तपासणी बसते. बग नसलेल्या कोडची फक्त आतली रचना बदला, फंक्शनची नावं बदला, एकाची दोन करा, वागणूक तीच ठेवा. आता किती टेस्ट लाल झाल्या? ज्या झाल्या त्या वागणूक न तपासता अंमलबजावणीला चिकटलेल्या होत्या. अशा टेस्ट लिहिण्यात एजंटचा हातखंडा असतो, आणि मार्गदर्शिकेत ‘जास्तीत जास्त मॉक (खऱ्या भागाऐवजी ठरलेलं उत्तर देणारा नकली भाग) वापरा, टेस्ट वेगवान ठेवा’ असं काही असेल तर विचारूच नका. एका फाइलमुळे एजंटने टॅक्सचं फंक्शनच मॉक केलं होतं, त्या मॉकला ११३ परत द्यायला सांगितलं होतं, आणि मग ११३ मिळाले की नाही हे तपासलं होतं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. चांगली मार्गदर्शिका मॉक कशाचं करायचं हे नावानिशी सांगते: बाहेरची एसएमएस सेवा, पेमेंट गेटवे, घड्याळ. बाकीचं खरं वापर.

आता ज्या वाक्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते त्याबद्दल. ते वाक्य जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये असतं: ‘काम पूर्ण करण्यापूर्वी सर्व टेस्ट पास झाल्याच पाहिजेत.’ माणसाला सांगितलं तर निरुपद्रवी. एजंट मात्र शब्दशः घेतो. कोड दुरुस्त होत नसेल तर असर्ट (उत्तर तपासणारी ओळ) सैल करतो, टेस्टला स्किप लावून ती वगळतो, एरर गिळून टाकणारा ट्राय-कॅच घालतो, नाहीतर कोडमध्ये त्या एका इनपुटसाठी खास अट लिहून मोकळा होतो. अँथ्रॉपिकने फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लॉड ३.७ सॉनेटबरोबर दिलेल्या कागदपत्रांतच, टेस्ट पास करण्याच्या नादात मॉडेल अशा खास अटी घालतं, हे मान्य केलं होतं. मॉडेलं त्यानंतर सुधारली, पण ओढ तीच राहते, कारण त्याला आपणच सांगितलेलं असतं की हिरवं म्हणजे यश. टेस्ट बदलायची मुभा आणि टेस्ट पास करायची सक्ती एकाच हातात देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

म्हणून मार्गदर्शिका तपासताना मी विचारतो: टेस्ट लाल झाली तर काय करायचं, हे तिने सांगितलंय का? एजंटला सन्मानाने थांबायची वाट ठेवली आहे का? आमच्या फाइलमधली भाषा अशी: ‘आधीपासून असलेली टेस्ट लाल झाली तर ती बदलू नको. कोड चुकला की टेस्ट चुकली याबद्दल तुझं मत दोन ओळींत लिही आणि थांब. लाल टेस्टसह थांबणं हे पूर्ण झालेलं काम आहे.’ या शेवटच्या वाक्याने आमच्याकडे जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कुठल्याच वाक्याने पडला नाही. हे तुम्ही मोजूही शकता. एजंटला असं काम द्या ज्यात टेस्ट आणि रिक्वायरमेंट एकमेकींशी भांडतात, दोन्ही पाळणं शक्यच नाही. तो थांबून विचारतो की काहीतरी जुगाड करून हिरवं दाखवतो, ते दहा वेळा बघा.

‘कव्हरेज ९० टक्के हवं’ हेही याच जातीचं वाक्य. आकडा ध्येय झाला की तो मोजमाप म्हणून निकामी होतो. काहीही न तपासणाऱ्या, फंक्शनला नुसती हाक मारून सोडणाऱ्या टेस्टनीही ९० टक्के गाठता येतात आणि एजंट ते पाच मिनिटांत गाठून देतो.

उरलेल्या गोष्टी भराभर सांगतो. फाइलमधला प्रत्येक कमांड स्वतः नव्या मशीनवर चालवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि निदान एक तरी कमांड सहा महिन्यांपूर्वीच मेलेला निघतो. एकमेकींना छेदणाऱ्या सूचना शोधा. ‘डेटाबेस मॉक करू नका’ आणि ‘प्रत्येक टेस्ट ५० मिलिसेकंदांत संपवा’ शेजारी शेजारी असतील तर एजंट त्यातली कुठलीतरी एक पाळेल, आणि कुठली ते तुमच्या हातात नसेल. एआय परीक्षकाचा खरा उपयोग या कामासाठी होतो, गुण द्यायला नाही: ‘यातल्या कुठल्या दोन सूचना एकाच वेळी पाळता येणार नाहीत ते दाखव’ असं विचारा, चांगली यादी मिळते. शिवाय यंत्राने तपासता येण्यासारखं असेल ते फाइलमधून काढून यंत्राकडे सोपवा. प्लेराइटमध्ये (ब्राउझर चालवून टेस्ट करण्याचं साधन) ठरावीक सेकंद थांबणारा वेट वापरू नको, हे एजंटला पाच वेळा विनवण्यापेक्षा लिंटरमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या साधनात) एक नियम घाला. बिल्ड पडली की तो आपोआप शिकतो, आणि फाइल एका ओळीने कमी होते. लांब फाइलच्या मधल्या भागातलं मॉडेलच्या नजरेतून सुटतं, हा माझा रोजचा अनुभव. जिच्यावर सगळं अवलंबून आहे अशी सूचना सातव्या पानावर ठेवू नका.

फ्लेकी टेस्टचंही, म्हणजे कोड न बदलता कधी पास तर कधी नापास होणाऱ्या टेस्टचंही, बघा. एजंटने लिहिलेल्या टेस्ट २० वेळा, क्रम उलटसुलट करून चालवा. गुगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये काही ना काही फ्लेकीपणा आहे, म्हणजे हे दुखणं माणसांच्या काळातलंच. फरक इतकाच की माणूस दिवसाला दहा टेस्ट लिहायचा आणि एजंट दोनशे लिहितो. महिन्याभरात तुमच्या पाइपलाइनवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) कुणाचा विश्वास उरत नाही, आणि लाल दिसलं की ‘परत चालव’ ही सवय लागते.

आता मॅनेजरना द्यायच्या आकड्याचं. ते ९२ गुण देऊ नका. एक छोटा तक्ता द्या: मार्गदर्शिकेशिवाय, एका वाक्यासह आणि पूर्ण फाइलसह, ६० पैकी किती वेळा खरा बग पकडला, वागणूक न बदलता रचना बदलल्यावर किती टेस्ट उगाच लाल झाल्या, आणि अशक्य कामात दहापैकी किती वेळा एजंट थांबला. चौथ्या ओळीत लागलेला वेळ आणि टोकनचा (एआयच्या वापराचा) खर्च लिहा, तो त्यांना विचारायचाच असतो. एवढ्यावर कुठलाही समंजस मॅनेजर निर्णय घेऊ शकतो, आणि पुढच्या वेळी कुणी मार्गदर्शिकेत आणखी तीन पानं घालायला आला की त्यालाही हाच तक्ता पुन्हा भरायला सांगता येतं.

मॉडेलची आवृत्ती बदलली की हे सगळं परत चालवा. जुन्या मॉडेलला लागणाऱ्या काही सूचना नव्याला अडगळ होतात. आमचे पेरायचे बग एका वेगळ्या रिपोमध्ये आहेत, एजंटला तिथे प्रवेश नाही. सुरुवात १२ बगांनी केली होती. ११२.५० हा पहिला आहे, आणि तेरावा यंदाच्या एप्रिलमध्ये मिळाला: पहाटे दोनचं ते बिल. आमची तेव्हाची मार्गदर्शिका घेऊन एजंटने तो पाचपैकी एकदाही पकडला नाही, म्हणून यूटीसीची ओळ आता पहिल्या पानावर आहे.